पावडर ९० टक्के शुद्ध, तरी दगड ओला

मॅग्नेसाइटची पावडर विकणारा फोन करतो तेव्हा एकच आकडा सांगतो. मॅडम, ९० टक्के एमजीओ, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. दुसरा म्हणतो ९२. तिसरा म्हणतो आमचा माल ९४ चा आहे, दोन पैसे जास्त आहेत पण एकदा वापरून बघा. आणि आपण घेणारे पण त्याच आकड्यावर घासाघीस करतो आणि गाडी मागवतो. माझं म्हणणं असंय की आमच्या गिरणीचे दगड बनवायच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी या एका आकड्यामुळे होते, कारण उरलेल्या सहा-दहा टक्क्यांत नक्की काय आहे आणि भट्टीत त्याचं काय झालंय हे कुणी विचारत नाही, आणि ते ९० टक्के तरी कामाचे आहेत का हे तर त्याहून कुणी विचारत नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जो काळपट दगड फिरतो तो बऱ्याचदा खाणीतून काढलेला अखंड दगड नसतोच. एमरीचे कडक दाणे, भाजलेल्या मॅग्नेसाइटची पावडर आणि मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी हे कालवून साच्यात ठोकून बसवतात आणि तो घट्ट झाला की दगड तयार. दाण्यांना धरून ठेवणारं जे आहे ते सिमेंटच, पण आपल्या घर बांधायच्या सिमेंटशी त्याचा काही संबंध नाही. स्टॅनिस्लास सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८६७ साली हे जगापुढे आणलं म्हणून याला सोरेल सिमेंट म्हणतात, नाहीतर मग मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराइड. जुन्या रेल्वे डब्यांच्या जमिनी याच्याच असायच्या, हल्ली पार्टिशनला लावतात ते पांढरे एमजीओ बोर्ड पण बरेचसे याचेच. मी छोट्या कारखान्यात क्वालिटी बघते, आमचं मुख्य काम गिरणीच्या दगडांचं, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

साध्या सिमेंटवर पाणी मारून मारून ते पक्कं करतात, इथे उलटं आहे, यावर पाणी मारायचं नाही. पाणी जे काय द्यायचं ते क्लोराइडच्या द्रावणातून एकदाच. मग पाच भाग मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, एक भाग मॅग्नेशियम क्लोराइड आणि आठ भाग पाणी अशा बांधणीचे बारीक सुईसारखे स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत अडकतात आणि ताकद येते. याला फेज फाइव्ह म्हणतात. फेज थ्री पण असते, पण आपल्याला पाहिजे असते ती पाचवाली. आता हे नीट जमायला पावडर आणि क्लोराइड यांचं प्रमाण जुळावं लागतं. पावडर कामाची कमी पडली की क्लोराइड मोकळं राहतं, आणि मोकळं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. मुंबई-कोकणात जुलैत आर्द्रता ८०-९० असते. म्हणजे दगडाला घाम फुटणारच, त्यात गिरणीवाल्याची काही चूक नाही. पीठ दगडाला चिकटतं, पाळ्यांमध्ये लगदा बसतो, आणि तो बिचारा सारखी टाकी मारत बसतो.

पण मोकळं क्लोराइड हा एकच चोर नाही. मोठा चोर आहे चुना.

मॅग्नेसाइट म्हणजे मॅग्नेशियमचं कार्बोनेट, आणि खाणीत ते एकटं क्वचित सापडतं. सोबत कॅल्साइट असतं, डोलोमाइट असतं, म्हणजे चुन्याचं कार्बोनेट या ना त्या रूपात. आता हा जो कॅल्साइट आहे तो जसाच्या तसा पावडरीत आला तर काहीही करत नाही हो. बारीक वाळूसारखा पडून राहतो, फिलरच समजा. त्रास कधी होतो, तर भट्टीत तो जळून कळीचा चुना झाला की. आणि गंमत इथेच आहे, मॅग्नेसाइट साधारण ६००-७०० डिग्रीला कार्बन डायऑक्साइड सोडायला लागतं आणि कॅल्साइटला त्यासाठी ९०० च्या आसपास जावं लागतं, म्हणजे मधे चांगली दीडदोनशे डिग्रीची जागा आहे जिथे तुमचं मॅग्नेसाइट भाजून होतं आणि कॅल्साइट हललेलंही नसतं. तीच खाण, तेच ढेकूळ, तेवढीच अशुद्धी, पण ७५० ला भाजलं तर निरुपद्रवी आणि ९५० ला भाजलं तर विष.

विष म्हणते कारण मोकळा चुना क्लोराइडच्या पाण्यात पडला की मॅग्नेशियम क्लोराइड खातो आणि बदल्यात कॅल्शियम क्लोराइड बनवतो. हिशोब करून बघा, १ किलो चुना साधारण १.७ किलो मॅग्नेशियम क्लोराइड खातो आणि जवळजवळ २ किलो कॅल्शियम क्लोराइड देतो, सगळं कोरडं धरून. म्हणजे १०० किलो पावडरीत नुसता ३ किलो मोकळा चुना असला तर ५ किलो क्लोराइड वाया गेलं, जे फेज फाइव्हला पाहिजे होतं, आणि वर ६ किलो असला पदार्थ दगडात जाऊन बसला जो लोक कंटेनरमधला ओलावा शोषून घ्यायला पाकिटात भरून टांगतात. दोन्हीकडून मार. ताकद पण गेली आणि घाम पण आला. शिवाय चुना पाण्याबरोबर तापतो, त्यामुळे कालवलेला माल साच्यात ठोकायच्या आधीच आवळायला लागतो, कामगार म्हणतात आज माल पकडतोय लवकर, आणि मग कुणीतरी हळूच वरून पाणी घालतो, की संपलंच. आणि चुन्याचे जे दाणे जास्त भाजले गेलेत ते लगेच विरत नाहीत, दगड गिरणीत बसल्यावर सावकाश विरतात आणि फुगतात. केसासारखी बारीक चीर दिसते कडेला.

हे ओळखायचं कसं, तर त्याला फार मोठी लॅब लागत नाही. मी करते ते असं की चमचाभर पावडर स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात टाकून बाटली चांगली हलवायची, थोडा वेळ ठेवून फिल्टर पेपरमधून गाळायची, आणि खाली आलेल्या नितळ पाण्यात अमोनियम ऑक्झलेटचे थेंब सोडायचे. मॅग्नेशिया, म्हणजे तोच एमजीओ, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, कॅल्साइट पण नाही म्हटलं तरी चालेल, पण मोकळा चुना लिटरला ग्रॅम-दीड ग्रॅम सहज विरघळतो, त्यामुळे चुना असला की पाणी थेंब पडताक्षणी दुधाळ होतं. एकदा दोन सप्लायरच्या गोण्या शेजारी शेजारी होत्या, एक ९४ टक्केवाली आणि एक जेमतेम ८६ वाली, जी आमच्या मालकांना घ्यायचीच नव्हती. ९४ वालीचं पाणी ताकासारखं पांढरं झालं. ८६ वालीचं पाणी अगदी हलकं धूसर झालं, परीक्षानळीच्या मागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येत होती. ८६ वालीत अशुद्धी जास्त होती, पण ती होती न जळलेलं कार्बोनेट आणि सिलिका. ९४ वाला माल जास्त भाजून टक्का वर आणलेला होता, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेला की राहिलेल्यात एमजीओचा टक्का वाढणारच ना. म्हणजे ज्या भाजण्याने कागदावरचा आकडा सुधारला त्याच भाजण्याने कॅल्साइटचा चुना केला. त्या ९४ वाल्याला विचारलं की भट्टी कितीवर चालवता, तर म्हणाला लाल झालं की काढतो. आता लाल म्हणजे मंद लालपासून चांगल्या भडक लालपर्यंत साडेसहाशे ते साडेनऊशे कुठेही!

बरं उभ्या भट्टीत ढेकळं टाकून भाजतात तिथे तर एकाच ढेकळाची बाहेरची बाजू जास्त भाजलेली आणि आतला गाभा कच्चा असं होतं. दळल्यावर सगळं एकत्र. सरासरी टक्का छान दिसतो.

खाणीखाणीत पण फरक असतो. तमिळनाडूत सेलमजवळ चॉक हिल्स म्हणून टेकड्या आहेत, तिथलं मॅग्नेसाइट खडूसारखं पांढरं, त्यात स्फटिक डोळ्याला दिसत नाहीत, आणि तिथली मुख्य अशुद्धी सिलिका. उत्तराखंडात अल्मोडा, बागेश्वर, पिथौरागढ पट्ट्यातलं स्फटिकी, दाणेदार, त्याच्यासोबत डोलोमाइट आणि टाल्क येतं, लोह पण जास्त. सोरेल सिमेंटसाठी सिलिकाची मला फारशी भीती वाटत नाही, ती पडून राहते, एवढंच की तेवढी कामाची पावडर कमी मिळते म्हणून क्लोराइडचं प्रमाण त्या हिशोबाने कमी करायचं. फार तापलं तर सिलिका मॅग्नेशियाला धरून त्याचं सिलिकेट करते आणि तेवढा मॅग्नेशिया बाद होतो, पण आपल्या भाजण्याच्या तापमानाला तो प्रश्न येऊ नये. लोहामुळे रंग पिवळट-तांबूस होतो. फ्लोअरिंगवाल्यांना त्याने फरक पडतो, काळ्या एमरीच्या दगडात कोण बघतंय. डोलोमाइटचं मात्र लक्ष ठेवावं लागतं, त्यातला मॅग्नेशियमचा अर्धा भाग आधी सुटतो आणि चुन्याचा नंतर, म्हणजे परत तेच, तापमान सांभाळलं तर सोबती नाहीतर वैरी.

आता कामाचा आणि बिनकामाचा एमजीओ. हे लोकांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण लॅब रिपोर्ट दोघांनाही एमजीओच म्हणतो. हलकं भाजलेलं मॅग्नेशिया सच्छिद्र असतं, क्लोराइडशी लगेच भिडतं. १५०० डिग्रीच्या वर भाजलेलं, ज्याला डेड बर्न्ट म्हणतात, ते स्टीलच्या भट्ट्यांच्या विटांसाठी एकदम उत्तम पण आपल्या दगडात ते आठवडे-महिने नुसतं बसून राहतं. मग तुम्ही टक्क्यावर विश्वास ठेवून क्लोराइड घातलेलं असतं, त्यातलं बरंच मोकळं राहतं (घाम), आणि सहा महिन्यांनी ते मॅग्नेशिया जागं होऊन हायड्रॉक्साइड होतं आणि फुगतं (तडा). जाता जाता सांगते, आपल्या नेहमीच्या पोर्टलँड सिमेंटमध्ये मॅग्नेशियालाच अशुद्धी मानतात, आयएस २६९ या भारतीय मानकात त्याची कमाल मर्यादा ६ टक्के दिलीय आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने शिजवून सिमेंट किती फुगतं ते बघतात, कारण तिथल्या भट्टीत १४५० डिग्रीला ते असंच मेल्यासारखं होतं आणि बांधकाम झाल्यावर उठतं.

कामाचा एमजीओ मोजायला सायट्रिक ॲसिडची टेस्ट आहे. ठरलेल्या ताकदीचं सायट्रिक ॲसिडचं पाणी, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, पावडर टाकून ढवळायचं आणि ॲसिड मरून पाणी गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. चांगला हलका भाजलेला माल मिनिटभराच्या आत गुलाबी होतो, कडक भाजलेला पाच-दहा मिनिटं घेतो. पण यात एक खोच आहे जी बरेच जण विसरतात, मोकळा चुना असला तर तोही ॲसिड मारतो, म्हणजे चुन्याचा माल जास्त तेज असल्यासारखा दिसू शकतो. म्हणून ऑक्झलेट आधी आणि सायट्रिक नंतर असा माझा क्रम. खात्रीचं काम पाहिजे असेल तर पावडर पाण्यासोबत भिजवून, वाळवून, वजन किती वाढलं ते बघा. शुद्ध, पूर्ण कामाचं १०० ग्रॅम मॅग्नेशिया १४४-१४५ ग्रॅम होतं. चुना असेल तर त्याचं वजन वेगळं धरावं लागतं, पण निदान अंदाज येतो.

आणि एक अशुद्धी आपण स्वतः तयार करतो, ती म्हणजे गोदामात. हलकं भाजलेलं मॅग्नेशिया ओल्या हवेत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन परत हायड्रॉक्साइड-कार्बोनेट व्हायला लागतं. मे महिन्यात स्वस्त मिळालं म्हणून भरून ठेवलेला माल गणपतीपर्यंत तोच राहिलेला नसतो. विणलेल्या गोणीत आतून प्लास्टिक नसेल तर भिंतीकडच्या रांगेत गोणीच्या कडेला गाठी लागतात, हाताने फुटतात म्हणून कामगार फोडून टाकतात आणि वापरतात. तापवून वजनातली घट बघितली की लगेच कळतं. अर्थात या घटीत कच्चं राहिलेलं कार्बोनेट पण येतं, त्यामुळे माल आला त्या दिवशीची घट लिहून ठेवा नाहीतर कुठली घट कुणाची हे नंतर सांगता येत नाही.

आता क्लोराइडकडे, कारण पावडरीला शिव्या घालून झाल्यावर लोक तिकडे बघतच नाहीत. आपल्याकडे मॅग्नेशियम क्लोराइडचं जुनं गाव म्हणजे गुजरातचं खाराघोडा, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर. तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात, मीठ काढून झालं की जे कडू पाणी उरतं त्याला बिटर्न म्हणतात, आणि ते आटवून क्लोराइड मिळतं. पहिल्या महायुद्धाआधी हे जर्मनीतून यायचं आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं मुंबई-अहमदाबादच्या कापड गिरण्या, सुताला खळ देताना त्यात हे घालत, म्हणजे सूत ओलसर राहून तुटत नाही. जो गुण गिरणगावाला पाहिजे होता तोच आम्हाला नको आहे!

तर या कडू पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडसोबत साधं मीठ, पोटॅशियम क्लोराइड, थोडं सल्फेट असं सगळं असतं. कारखान्यात द्रावण तयार करताना बॉमे मीटर बुडवतात, २२ ते २४ आलं की झालं, म्हणजे घनता १.१८ ते १.२० च्या आसपास. पण ते मीटर फक्त पाणी किती जड आहे ते सांगतं हो, कशामुळे जड आहे ते नाही. मीठ जास्त असलेला माल घेतला तरी काटा २२ वरच उभा राहणार, आणि आत मॅग्नेशियम क्लोराइड मात्र कमी. साधं मीठ त्या रचनेत कुठे बसत नाही, ते पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतं आणि वाळतं, जुन्या भिंतीला लोणा लागतो तसा पांढरा थर दगडावर दिसतो. बोर्डवाल्यांच्या पेंटचे पापुद्रे निघतात ते पण यानेच. आणि क्लोराइडच्या रिपोर्टवर ४६-४७ टक्के बघून घाबरू नका, सहा पाणीवालं स्फटिक शुद्ध असलं तरी त्यात मॅग्नेशियम क्लोराइड ४७ टक्केच असतं, बाकी पाणी. बघायचं ते सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि सल्फेट.

चुन्यावर उपाय म्हणून द्रावणात एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट घालायची जुनी पद्धत आहे. चुना सल्फेट घेऊन जिप्सम होतो, कॅल्शियम क्लोराइड होत नाही, म्हणजे घामाचं मूळ तुटतं. कागदावर सुंदर आहे. पण १ किलो चुन्याला जवळजवळ साडेचार किलो एप्सम सॉल्ट लागतं, त्याचं पाणी पण मिश्रणात येतं, आणि चुना लॉटप्रमाणे बदलत असेल तर दर वेळी प्रमाण बदलायला पाहिजे, जे कुणी करत नाही. थोडा चुना असेल तर ठीक, चार-पाच टक्के चुन्याचा माल असल्या औषधाने सुधारत नाही, तो परत पाठवावा.

हे सगळं फक्त छोट्या कारखान्यांचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर डेन्मार्कचं प्रकरण वाचा. तिथे साधारण २०१० पासून इमारतींच्या बाहेरच्या आवरणाच्या आत वारा अडवायला एमजीओ बोर्ड लावायला सुरुवात झाली, बरेचसे चीनमधून आलेले. थंडीतल्या दमट हवेत त्या बोर्डांनी पाणी ओढलं आणि खारट पाण्याचे थेंब गळायला लागले, स्क्रू गंजले, शेजारचं लाकूड भिजलं. लोक त्यांना रडणारे बोर्डच म्हणायला लागले. २०१५ मध्ये तिथे हे न वापरण्याचे इशारे निघाले आणि हजारो घरांवरचे बोर्ड उतरवायचे प्रसंग आले. त्यात दोष सगळा अशुद्धीचा होता असं नाही, मुळात बोर्डात पाणी ओढणारं क्लोराइड आणि वर तिथली सतत ओली हवा, पण मोकळं क्लोराइड दगडात राहो की बोर्डात, वागतं सारखंच. त्यानंतर क्लोराइडऐवजी सल्फेटवाले बोर्ड पुढे आले.

फॉस्फेटवाल्या मॅग्नेशियम सिमेंटचं गणित मात्र वेगळं, जे विमानतळाच्या धावपट्टीचे खड्डे तासाभरात भरायला वापरतात. तिथे मुद्दाम कडक भाजलेलं मॅग्नेशिया घेतात कारण हलकं भाजलेलं घेतलं तर बादलीतच दगड होतो, वर बोरॅक्स घालून त्याला हळू करावं लागतं. म्हणजे आमच्याकडे नापास झालेली गोणी तिथे पास होऊ शकते. मोकळा चुना मात्र तिथेही त्रासदायकच, तो फॉस्फेट पटकन खातो आणि माल हातात घट्ट होतो.

गिरणीवाल्यांचे फोन येतात त्यांना एवढंच सांगते की घाम आलेला दगड धुऊ नका, पाण्याने फेज फाइव्ह फुटते आणि क्लोराइड धुऊन गेल्यावर जो हायड्रॉक्साइड उरतो त्यात दाणे धरायची ताकद नसते. कोरड्या कापडाने पुसा, भरड धान्य टाकून थोडा वेळ फिरवा, दसऱ्यापर्यंत बघा. ऊन पडल्यावर घाम थांबला आणि ठोकल्यावर आवाज खणखणीत येत असेल तर क्लोराइड थोडं जास्त पडलं होतं, दगड चालेल. कडेला चिरा असतील आणि दिवाळी उलटून गेल्यावर पण सकाळी दगड दमट लागत असेल तर तो चुन्याचा आहे, त्याच्यावर टाकी मारण्यात वेळ घालवू नका, बिल शोधा आणि ज्याच्याकडून घेतला त्याला बदलून मागा.